हाडाच्या सुया

विणकामाच्या सुया ॲल्युमिनियमच्या घ्याव्यात की हाडाच्या, हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच पडला आणि तेवढ्यातही मी चुकलो. उज्जैनच्या फ्रीगंजमधलं दुकान, बाहेर श्रावणाचा धो धो पाऊस, एका हातात दळणाचा डबा, दुसऱ्यात घासलेटची बाटली, छत्री काखेत. सिंधी दुकानदार म्हणाला, हाडाच्या सुया हाताला गार लागत नाहीत, बढ़िया माल आहे. बायकोचं पहिलंवहिलं विणकाम, तिथे हलका माल कशाला, म्हणून मी हाडाच्या घेतल्या. (मी कारकून आहे. निवड करायची सवय नाही. कचेरीत ते काम साहेब करतात.)

या विणकामामागे राजकारण होतं. आमच्या घरात अनसूया आत्या आणि माझी बायको सुनंदा एकमेकींशी बोलत नसत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात अचानक सर आली, तेव्हा सुनंदानं धावत जाऊन आत्याचं वाळत घातलेलं सोवळ्याचं लुगडं उचलून आणलं. भिजू नये म्हणून. भिजलं असतं तर आत्यानं वाळवलं असतं; पण हात लागला म्हणजे विटाळलं. तेव्हापासून दोघींचं सगळं बोलणं माझ्यामार्फत चाले. "सुधाकरा, तिला सांग, आमटी उतू जातेय," असं आत्या म्हणे तेव्हा सुनंदा चुलीपाशीच उभी असे. तरी मी सांगत असे, कारण मी सांगेपर्यंत ती आमटी उतू जाऊ देई.

एरवी हेही मी निभावून नेलं असतं. पण मध्यभारत मोडून नवं राज्य होणार आणि आमची कचेरी भोपाळला हलणार, हे पक्कं झालं होतं. आत्यानं जाहीर केलं की ती काही उज्जैन सोडून आमच्याबरोबर यायची नाही. आई गेल्यावर आत्यानंच मला वाढवलं. तिला एकटीला मागे ठेवून जायचं या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरत नसे. (आत्याला वाटे, मी स्वयंपाकाला नावं ठेवतो.)

सुनंदाला हे कळत होतं. पावसात लुगडी वाळत नाहीत, पण लोकर सोवळ्याला केव्हाही चालते. म्हणून आत्यासाठी लोकरीची शाल विणायची असं तिनं ठरवलं. शेजारच्या शोभाताईंकडून टाके शिकून घेतले. मला फक्त लोकर आणि सुया आणायच्या होत्या आणि गप्प बसायचं होतं.

घरात शिरताच मी म्हणालो, "आत्या, तुझ्या शालीसाठी अस्सल हाडाच्या सुया आणल्यात."

आत्याचा जप थांबला. "कुणाचं हाड?"

हे मी विचारलं नव्हतं. डबा, बाटली आणि लोकर ठेवून तसाच उलट पावली फ्रीगंजला गेलो आणि दुकानदाराला विचारलं. त्यानं उलट मलाच विचारलं,

"बाबूजी, बुनाई करनी है या तेरहवीं?"

तेरावं नाही, विणकामच आहे, निदान ॲल्युमिनियमच्या बदलून द्या म्हटलं, तर तो जोड तेवढ्यात विकला गेला होता.

मग मी राम घाटावर आमचे उपाध्ये श्रीपादभट यांना गाठलं. त्यांनी शंख चालतो, हस्तिदंत चालतो, पण हाडाचा विटाळ होतो, असा दोन्ही बाजूंनी विचार केला आणि शिप्रेत बुडवून घे, शुद्ध होतील, असा निकाल दिला. शिप्रा त्या दिवशी पायऱ्या चढून वर आली होती. मी वाकून भक्तिभावानं सुया बुडवल्या. त्यातली एक इतकी शुद्ध झाली की परत आलीच नाही. तिला धरायला गेलो तेव्हा वाऱ्यानं छत्री उलटी झाली.

एक सुई आणि मोडकी छत्री घेऊन घरी आलो. सुनंदानं सुईकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सुनंदा, तू नको परेशान होऊ. हा लहानपणापासून असाच आहे."

मी सवयीनं सुनंदाकडे वळलो. "आत्या म्हणतेय, हा लहानपणापासून..."

"ऐकलं मी," सुनंदा म्हणाली. मग तिनं चक्क आत्यालाच विचारलं, "आत्या, तुम्ही इतकी वर्षं कशी काढलीत हो?"

आत्यानं या प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलं. मी चौथीत देवळात चपला ठेवून दुसऱ्याच्या घालून आलो होतो तिथपासून ती सुरू झाली. सांगता सांगता तिनं माझ्या छत्रीच्या दोन काड्या उपसल्या, पाट्यावर घासून टोकं गुळगुळीत केली आणि सुनंदाच्या हातात दिल्या. लोखंडाला विटाळ नसतो. शालीचे पहिले टाके त्यांच्यावरच पडले.

"भोपाळला येते मी," शेवटी आत्या म्हणाली. "याला तू एकटी कशी सांभाळशील?"

मला इतकं भरून आलं की मी पंच्यानं डोळे आणि नाक पुसू लागलो. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, याला सर्दी झाली असं एकमतानं ठरवलं आणि मला धरून कडू काढा पाजला.