पडला की पाडला

शुक्रवारी संध्याकाळी प्रमोदिनी खांबेटे कोर्टातून घरी आल्या. बर्फाने भरलेले बूट मॅटवर झटकले, चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाल्या, "संपलं एकदाचं. एकमत झालंच नाही. शेवटी जजने सगळ्यांना घरी पाठवलं."

शरदचंद्र सोफ्यावरून उठून किचनमध्ये आले. बायको काही सांगते आहे म्हणून सोफ्यावरून उठण्याची त्यांच्या संसारातली ही पहिलीच वेळ असावी.

"मग तू कुठल्या बाजूला होतीस?"

"ते सांगता येत नाही."

"बाहेर नको सांगूस. मला सांग."

"तुम्हीही बाहेरचेच. ज्यूरीच्या खोलीतलं बोलणं कुणालाही, कधीही सांगायचं नाही. गुन्हा आहे इथे."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"नवऱ्याला सूट नाही. आमच्यातल्या एकीने मुद्दाम विचारून घेतलं," असं म्हणून प्रमोदिनींनी आलं किसायला घेतलं.

त्या हिवाळ्यात अख्ख्या लंडनमध्ये, म्हणजे आपल्या ओंटारिओतल्या लंडनमध्ये, दुसरा विषय नव्हता. रॉस नावाच्या एका माणसाचा मेहुणा तळ्याकाठच्या कॉटेजवर राहायला गेला आणि लाकडी धक्क्यावरून पाण्यात पडून मेला. धक्क्यावर त्या वेळी रॉसशिवाय कुणी नव्हतं आणि दोघांचं कधी पटलं नव्हतं. खुनाचा खटला उभा राहिला. मेहुणा पडला की रॉसने पाडला, हे इंग्रजीत विचारायला वकिलांना कित्येक आठवडे लागले. मराठीत हा सगळा प्रश्न एका कान्याचा होता. महाराष्ट्र मंडळात पडलावाले आणि पाडलावाले अशी सरळ फाळणी झाली होती, आणि दोन्ही बाजूंनी बारसं, वाढदिवस काही सोडलं नव्हतं.

ज्यूरीचं एकमत झालं नाही, एवढंच बातम्यांत आलं. कोण कुठल्या बाजूला होतं ते आलं नाही, कारण ते कुणालाच कळणं शक्य नव्हतं. त्यामुळे ते प्रत्येकाला माहीत होतं.

शरदचंद्रांची अडचण वेगळी होती. प्रमोदिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत आणि त्यांच्या पोटात काही राहत नसे. कोणाचं कोणाशी वाजलं, कोणाच्या सुनेने काय उत्तर दिलं, सगळं त्या जेवताना सांगत आणि शरदचंद्र बातम्या बघत "हं, हं" करत. आता त्यांनी टीव्ही बंद करून ऐकायची तयारी दाखवली, तर बायको गप्प. त्यांनी मॉन्ट्रियलला लेकीला फोन लावला. अनुया म्हणाली, "बाबा, शी कॅन लिटरली गो टू जेल. प्लीज स्टॉप आस्किंग हर." त्यांनी विचारणं थांबवलं. पण लोकांनी थांबवलं नव्हतं.

रविवारी ते गिलसाहेबांच्या ग्रोसरीत भेंडी निवडत होते. मागून मंडळाचा सेक्रेटरी मिलिंद आणि त्याची बायको अवंतिका आले.

"काका, अकरा पाडलावाले आणि एकच पडलावाला होता म्हणे!" मिलिंद म्हणाला. "तो एक कोण?"

शरदचंद्र "मला माहीत नाही" म्हणणार होते. ते खरंही होतं. पण अवंतिका कार्ट थांबवून त्यांच्याकडे बघत होती. बायको आपल्याला काही सांगत नाही, हे एका बाईसमोर, भेंडीच्या ढिगाशी उभं राहून कबूल करणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी एक भेंडी मोडून पाहिली आणि म्हणाले, "हं."

"म्हणजे काकू!"

"मी काही बोललो नाही."

सगळं माहीत असलेला माणूस नेमकं हेच म्हणतो. मिलिंदने त्यांचा दंड दाबला आणि कोथिंबीर न घेताच तो पार्किंगकडे धावला.

पुढच्या शनिवारी मंडळाची संक्रांत होती. हॉलमध्ये शिरल्याबरोबर शरदचंद्रांना फरक जाणवला. निम्म्या बायका प्रमोदिनींच्या गळ्यात पडल्या, "एका निरपराध माणसाला वाचवलंत," म्हणाल्या. उरलेल्या निम्म्या मसालेभाताच्या टेबलामागून हलल्या नाहीत. अवंतिका कट्टर पाडलावाली. तिने प्रमोदिनींच्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि म्हणाली, "घ्या काकू. बोला म्हणत नाही, तुम्हाला बोलायचं नसतंच. नुसतं खुन्याला सोडायचं असतं."

प्रमोदिनींचा चेहरा उतरला. त्यांना उलट उत्तर देता येईना. 'मी सोडलं नाही' म्हटलं तरी गुन्हा, 'सोडलं तर काय झालं' म्हटलं तरी गुन्हा. त्या वडी हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

ते पाहून शरदचंद्रांचं रक्त उसळलं. पुढे जे झालं ते केवळ बायकोच्या प्रेमापोटी झालं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी मिलिंदला कोट टांगायच्या खोलीत ओढलं.

"अरे, चुकीचं पसरवलंयत तुम्ही लोकांनी. ती पाडलाच म्हणत होती! शेवटपर्यंत! बाकीचे ऐकेनात."

"काय सांगता? पण परवा तर..."

"परवा मी भेंडी घेत होतो."

"मग अडलं कुणामुळे?"

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. "एक म्हातारा होता," शरदचंद्र म्हणाले. "शेतकरी. सारख्या सूर्यफुलाच्या बिया चघळायचा. त्याचं एकच म्हणणं, धक्क्याची फळी ओली होती."

म्हातारा कुठून आला ते शरदचंद्रांनाही सांगता आलं नसतं. पण एकदा आल्यावर तो जाईना. जेवणाची पानं वाढेपर्यंत कोटांच्या खोलीत सात-आठ पुरुष जमले होते. शरदचंद्रांनी त्यांना एक शाळामास्तरीण दिली, जी रोज दुपारनंतर मत बदलायची. एक तरुण दिला, ज्याला बोटीची मळमळ व्हायची आणि धक्क्याचे फोटोही बघवत नसत. तीस वर्षं कंपनीत पंपांची डिझाइनं केलेल्या माणसाला आपल्यात हेही आहे, याचा पत्ता नव्हता. लोक जिलब्या सोडून ऐकत होते.

आता एक पंचाईत झाली. प्रमोदिनी एकट्या पडलावाल्या होत्या हेही शरदचंद्रांकडून कळलं होतं, आणि त्या शेवटपर्यंत पाडलावाल्या होत्या हेही शरदचंद्रांकडूनच. मंडळाने यावर सोपा तोडगा काढला. ज्याला जे हवं ते त्याने घेतलं, आणि पुढे सांगताना "खुद्द काकांनी सांगितलं" एवढं जोडलं. खांबेट्यांना जेवणाची आमंत्रणं येऊ लागली. शेजारचा ग्लेन त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ न सांगता काढून गेला आणि जाताना म्हाताऱ्या शेतकऱ्याची चौकशी केली. ग्लेनपर्यंत तो कसा पोचला, हे विचारण्याचं धाडस शरदचंद्रांना झालं नाही.

मार्चमध्ये प्रमोदिनी ग्रोसरीला गेल्या. गिलसाहेब काउंटरमागून हात जोडून म्हणाले, "भाभीजी, आपने बिलकुल ठीक किया. वो सूरजमुखी के बीजवाला बूढ़ा ही ग़लत था."

प्रमोदिनी पिशव्या तिथेच टाकून घरी आल्या.

"कोण म्हातारा?" दारातूनच त्यांनी विचारलं.

शरदचंद्रांनी सगळं सांगितलं. सांगताना आधी थोडा उत्साह होता, तो हळूहळू गेला.

"अहो, लोकांना वाटेल मीच सांगितलं तुम्हाला! उद्या पोलीस आले म्हणजे? हॉस्पिटलमध्ये काय तोंड दाखवू?" प्रमोदिनी स्टूलवर बसल्या. अंगावरचा कोटही त्यांनी काढला नव्हता. "इतकी वर्षं मी बोलत होते तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं. एकदा गप्प बसले, तर माझ्या नावाने बोलून आलात."

शरदचंद्रांनी यापुढे तोंड न उघडण्याचं कबूल केलं आणि ते पाळलंही. कुणी विचारलं की ते खिडकीबाहेर बघत. लोक एकमेकांना म्हणत, "बघा, वरून दबाव आलेला दिसतो."

उन्हाळा गेला. रॉसवरचा खटला नव्या ज्यूरीसमोर पुन्हा चालणार, असं जाहीर झालं. आणि एका सकाळी खांबेट्यांच्या टपालाच्या पेटीत ज्यूरीसाठी हजर राहण्याचं समन्स आलं. या वेळी शरदचंद्रांच्या नावाने.

"जा," प्रमोदिनी म्हणाल्या. "आणि तिथे तरी जे खरं आहे ते सांगा."

कोर्टाच्या मोठ्या दालनात गाव लोटलं होतं. तिसऱ्या रांगेत गिलसाहेब होते. त्यांच्यामागे मिलिंद होता. शरदचंद्र एका खांबाच्या आडोशाला बसले. जजबाई पांढऱ्या केसांच्या, शांत आवाजाच्या होत्या. त्यांनी लोकांचे आभार मानले आणि विचारलं, "मागच्या ज्यूरीच्या खोलीत काय झालं, याबद्दल कुणी काही ऐकलं आहे का? असेल तर कृपया पुढे या."

जजबाईंना बहुधा एखाददुसऱ्याची अपेक्षा असावी. आधी मिलिंद उठला. मग गिलसाहेब. मग शरदचंद्रांचा न्हावी. मग हॉकीचं जॅकेट घातलेला एक अनोळखी माणूस, त्यामागे दोन कॉलेजच्या मुली, आणि मग रांग दारापर्यंत गेली.

"आपण काय ऐकलं?" जजबाईंनी मिलिंदला विचारलं.

"सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या शेतकऱ्याबद्दल."

मागून रांगेत बऱ्याच माना हलल्या.

"कोणाकडून?"

"माझ्या काकांकडून. म्हणजे सख्खे नाहीत. आमच्यात सगळेच काका असतात."

"कोणते काका?"

मिलिंदने खांबाकडे बोट दाखवलं. गिलसाहेबांनीही दाखवलं. हॉकीच्या जॅकेटवाल्याने शरदचंद्रांना जन्मात पाहिलं नव्हतं, पण त्यानेही कुतूहलाने तिकडे पाहिलं.

शरदचंद्र पुढे जाऊन उभे राहिले.

"मिस्टर खांबेटे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" जजबाईंनी विचारलं. आवाज अजून शांतच होता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

'मला माहीत आहे' म्हटलं तर बायको अडकते. 'माहीत नाही' म्हटलं तर मिलिंद पाच फुटांवर उभा आहे. शरदचंद्रांनी एकदा मिलिंदकडे पाहिलं. मग त्यांना कोट न काढता स्टूलवर बसलेली बायको आठवली.

"कोणीही नाही," ते म्हणाले. "माझी बायको मागच्या ज्यूरीत होती. तिने मला एक अक्षरही सांगितलं नाही. मी पुष्कळ विचारलं. विनवण्या केल्या. ती बोलली नाही. ते लोकांना सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी सगळं मनाने बनवलं."

"तो शेतकरी?"

"बनवला."

"आणि मत बदलणारी शिक्षिका?" जजबाईंनी विचारलं. पुढच्या बाकावर बसलेल्या वकिलाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. जजबाई लगेच कागद चाळू लागल्या.

"तीही, मॅडम."

जजबाईंनी चष्मा काढून पुसला.

"मिस्टर खांबेटे, तुमच्या पत्नीने कायदा अगदी काटेकोर पाळला, हे या न्यायालयासमोर स्पष्ट झालं आहे. त्यांना तसं जरूर सांगा. तुम्ही जाऊ शकता." मग त्यांनी रांगेवर नजर फिरवली आणि सुस्कारा सोडला. "आणि तुम्ही सगळेही."

बाहेर पायऱ्यांवर शरदचंद्रांना एकदम हलकं वाटलं. लाज वाटत होती, पण हलकं वाटत होतं. मागून मिलिंद धावत आला. शरदचंद्रांनी मान खाली घातली.

"काका," मिलिंद म्हणाला. "मानलं तुम्हाला."

"काय?"

"काकूंना वाचवायला भर कोर्टात एवढं खोटं बोललात! स्वतःची अब्रू घालवलीत! डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"अरे, खोटं नाही! तेच खरं आहे!"

"हो, हो. तेच खरं," मिलिंद इकडेतिकडे बघत दबक्या आवाजात म्हणाला. "माझ्याकडून कुणाला कळणार नाही."

दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. प्रत्यक्ष जजसमोरसुद्धा ज्याने तोंड उघडलं नाही असा माणूस म्हणून शरदचंद्रांची ख्याती झाली. त्यांनी एकदोघांना खरं काय ते पटवायचा प्रयत्न केला. ते अधिकच गहिवरले. प्रमोदिनींना जेवायला बसल्यावर जजबाईंचा निरोप मिळाला. मग त्यांनी आपल्या ताटातली अर्धी पुरणपोळी शरदचंद्रांच्या ताटात वाढली आणि जेवणभर लॅबमधल्या नव्या सुपरवायझरबद्दल सांगितलं. टीव्ही बंदच होता.

दुसऱ्या दिवशी अवंतिकेचा फोन आला. काकूंसाठी नव्हता.

"काका, तुमच्याइतकं गुपित राखणारं माणूस या गावात दुसरं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मला कुणाशी तरी बोलायचंय. मी मॉन्ट्रियलला जॉबसाठी अप्लाय केलं होतं, आणि मिळालाय. मिलिंदला माहीतच नाही. रोज बेसमेंटमध्ये बसून फ्रेंच शिकतेय, त्याला वाटतं बहिणीशी बोलते. कसं सांगू त्याला?"

शरदचंद्रांनी धीर दिला. आजच सांगून टाक, लपवलेलं वाढत जातं, असं अनुभवी माणसासारखं बजावलं. अवंतिका रडली, हसली, आणि पुन्हा पुन्हा आभार मानून तिने फोन ठेवला.

मागे वळून बघतात तो प्रमोदिनी किचनच्या दारात उभ्या.

"काय म्हणत होती अवंतिका? एवढा वेळ?"

शरदचंद्रांनी क्षणभर विचार केला. या बाबतीत कायदा काही नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली, बायकोला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आणि अवंतिकेने जिथे घाईघाईत आटोपलं होतं, तिथे थोडं आपलं घातलं.