पंडित, चोंबडा आणि म्हातारा

साळवींच्या गाडीत बसलं की तिघं जण एकदम बोलायला लागतात आणि त्या तिघांत माणूस एकही नसतो. पुढच्या काचेखाली ओळीनं तीन फोन लावलेले. एक म्हणतो डावीकडे वळा, दुसरा म्हणतो उजवीकडे राहा, तिसरा बराच वेळ गप्प बसून मागेच सुटलेलं वळण घ्यायला सांगतो. साळवी स्टिअरिंग धरून तिघांचंही शांतपणे ऐकून घेतात. शेजारच्या सीटवर मी बसलेलो असतो आणि घाम मला फुटतो.

गुरुग्रामला आम्ही एकाच सोसायटीत राहतो. मी पुण्याहून आलेला संगणकवाला. साळवींची उभी नोकरी मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात गेली. खातं क्वालिटीचं, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, खोट काढणं सुटलं नाही. मग त्यांनी रस्ता दाखवणारी ॲप्स तपासायला घेतली. तेच शिक्के, पास, रीवर्क आणि रिजेक्ट. पासचा शिक्का आजवर कुणालाही मिळालेला नाही.

ॲप्सची खरी नावं ते घेत नाहीत. पहिला पंडित. याला सगळं ठाऊक असतं. एकदा त्यानं आम्हाला जवळचा रस्ता म्हणून थेट एका लग्नाच्या मांडवात नेऊन उभं केलं. रस्ता तिथे होता, नाही असं नाही, पण त्यावर टेबलं मांडून लोक छोले-भटुरे खात होते. दुसरा कुणी असता तर चरफडत गाडी मागे घेतली असती. साळवी खाली उतरले, मुलीच्या बापाला गाठून मांडव कधी उठणार ते विचारलं आणि तिथल्या तिथे फोनवरून पंडिताला ‘रस्ता परवापर्यंत बंद’ असं कळवून टाकलं. त्या गृहस्थांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

दुसरा चोंबडा. पुढे पोलीस आहे, खड्डा आहे, कुणाची गाडी बंद पडली आहे, सगळ्या चहाड्या हा इमानेइतबारे करतो. पावसाळ्यात पुलाखाली पाणी भरलं की आधी यालाच कळतं. साळवींचा त्याच्यावर जीव आहे, पण शिक्का रीवर्कच. का, तर उड्डाणपुलाच्या परीक्षेत तो नापास होतो. आपण पुलाच्या वर आहोत की खाली, हे त्याला कळत नाही. दिल्लीत हे न कळणं फार महागात पडतं. एक वळण चुकलं की दुभाजकातला पुढचा कट येईपर्यंत आपण हरियाणाचे राजस्थानात जायचे.

“साळवीसाहेब, पाटी वाचा की सरळ,” मी एकदा वैतागून म्हटलं. आम्ही रविवारची मिसळ खायला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या महाराष्ट्र सरकारच्या अतिथीगृहात निघालो होतो आणि एकाच पुलावरून तिसऱ्यांदा जात होतो.

“शिंदे, यार, एका फेरीवर निकाल देता येत नाही. सॅम्पल कमी आहे.”

हे त्यांचं आवडतं वाक्य. भाजीवाल्याचे टोमॅटो, सोसायटीचा नवा सेक्रेटरी, माझं बदललेलं चष्म्याचं दुकान, कशाबद्दलही मत विचारा. सॅम्पल कमी आहे.

हसण्यासारखा माणूस आहे आणि मी भरपूर हसलोही. पण एक सांगितलंच पाहिजे. आमच्या सोसायटीला दोन गेटं. मागचं कायम कुलूपबंद, आणि सगळी ॲप्स येणाऱ्याला नेमकी तिथेच आणायची. पत्र्यावर डोकं आपटून माणसं परत जायची. साळवी महिनाभर रोज सकाळी त्या बंद गेटासमोर उभे राहून तक्रारी पाठवत होते. शेवटी नकाशावरची टाचणी सरकली आणि पुढच्या गेटाशी आली. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, आम्ही ते खाताना डोळे मिचकावले. दोनच महिन्यांनी एका दुपारी माझ्या आईच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका न चुकता पुढच्या गेटातून आत आली. आई आज ठणठणीत आहे. तेव्हापासून मी त्या तीन फोनांना हसतो ते जरा जपूनच.

आता तिसरा, म्हातारा. हा फोन साळवींच्या लेकीचा, मृण्मयीचा, कॉलेजात असतानाचा. त्यातला नकाशाही तेव्हाचाच. त्याच्या लेखी गेल्या कित्येक वर्षांत दिल्लीत एकही पूल, एकही बोगदा झालेला नाही. अर्ध्या तासाच्या वाटेला तो दीड तास लावतो. तीन चुकांत कुणालाही रिजेक्ट करणारा हा माणूस म्हाताऱ्याला मात्र वर्षानुवर्षं पोसत होता. “याला काढून का टाकत नाही?” असं विचारलं की ते काच पुसायला लागत. “सॅम्पल कमी आहे.”

मृण्मयी बंगळूरला नोकरी करते. वहिनी गेल्यापासून साळवींना तीच एक. वर्षातून दोन-तीनदा येते, दोन दिवस राहते, आणि त्या दोन दिवसांची साळवी महिनाभर आधीपासून वाट बघतात. ती आली की मी मुद्दाम विचारतो, काय, लेक आली ना? एकदा ते म्हणाले, “आली ना. घरात आहे, पण मीटिंगमध्ये आहे.” मग म्हणाले, “गाडीत मात्र लॅपटॉप उघडत नाही हं. चालत्या गाडीत स्क्रीन बघितली की तिला मळमळतं. लहानपणापासूनच.” हे त्यांनी इतक्या समाधानानं सांगितलं की मला नवल वाटलं.

गेल्या महिन्यात मला पुण्याला जायचं होतं आणि ऐन वेळी टॅक्सीवाल्यानं नकार दिला. साळवी खाली गाडी पुसत होते. “चलो, मृण्मयीला सोडायचंच आहे. तिचं एकचं विमान आहे.” माझं एक वीसचं. पावणेअकरा वाजले होते. मी निर्धास्तपणे मागे बसलो, मृण्मयी पुढे.

गाडी सुरू झाली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गाडीत शांतता होती. काचेखाली एकटा म्हातारा. पंडित आणि चोंबड्याची जागा रिकामी.

विमानतळाची भलीमोठी पाटी आली, बाण डावीकडे. साळवी सरळ गेले.

“साळवीसाहेब, विमानतळ...”

“म्हातारा सरळ म्हणतोय.”

पुढे आम्ही एका बाजारातून गेलो. मग रेल्वेच्या फाटकाशी थांबलो. मग एका अशा रस्त्याला लागलो, जिथे दोन म्हशी आमच्या पुढे चालत होत्या आणि साळवी त्यांना हॉर्नसुद्धा देत नव्हते. मी घड्याळ बघून बघून अर्धा झालो. पुढे मात्र आमसुलाच्या साराची चर्चा चालली होती.

“तुझ्या आईसारखं होत नाही गं. गूळ आधी घालायची की नंतर?”

“बाबा, ती चिमूटभर जिरं भाजून चुरडायची वरून. मी बघितलंय.”

“अच्छा! जिरं! सहा वर्षं मी गुळाच्या मागे लागलोय.”

दोघं खदखदून हसले. साळवींना इतकं मोठ्यानं हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दिल्लीतला सगळ्यात लांबचा रस्ता कोणता, हे ठाऊक असायला आधी सगळे रस्ते तपासावे लागतात. मी घड्याळावर बाही ओढली.

सव्वाबाराला पोचलो. “बिल्कुल वेळेत,” साळवी म्हणाले. आत त्यांना येता येत नव्हतं, ते दारापाशीच राहिले. मी बॅग ओढत धावत सुटलो, तर आत फलकावर माझं विमान तासभर उशिरा. मागे वळून पाहिलं तर मृण्मयी रमतगमत येत होती.

“अगं, एकचं ना तुझं? पळ!”

तिनं तिकीट पुढे केलं. विमान तीनचं होतं.

“काका, बाबांना सांगू नका,” ती म्हणाली. “पहिल्यांदा मी खरी वेळ सांगितली होती. म्हाताऱ्यानं विमान चुकवलं. बाबांना इतकं लागलं की पुढच्या खेपेला त्यांनी पंडित लावला. सत्तावीस मिनिटांत आणून सोडलं मला. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. म्हणून मग मीच म्हटलं, बाबा, म्हाताऱ्याला अजून एक चान्स द्या. आणि तेव्हापासून विमान दोन तास अलीकडे सांगते.”

मी तिनं पुढे केलेल्या डब्यातला बेसनाचा लाडू घेतला. पण एक गोष्ट मला अजून पटलेली नाही. जो माणूस पूल वर आहे की खाली हे तीन-तीनदा तपासतो, त्यानं लेकीच्या विमानाची वेळ एकदाही तपासली नसेल?

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“हो बाबा, बसतेच आहे विमानात. अगदी शेवटची मीच.” खुर्चीत बसून, पाय लांब करून, लाडू खात ती सांगत होती. “आज फार वेळ लागला का हो? म्हाताऱ्याला काढून टाकायचं का आता?”

साळवींचा आवाज मला शेजारीसुद्धा स्वच्छ ऐकू आला.

“छे गं. इतक्यात कसा काढू? सॅम्पल कमी आहे.”