प्रल्हादची पुरवणी

इतिहास हा विषय वानखडे घराण्याच्या रक्तातच आहे, असं प्रल्हाद वानखडेचं ठाम मत होतं. दुसऱ्या कुणाचं नव्हतं, पण प्रल्हादला कोरमची गरज कधीच भासत नसे.

तर मंडळी, हा प्रल्हाद मूळचा नागपूरचा. आता अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहतो आणि एका विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळतो. फेब्रुवारीतला रविवार होता, बाहेर उणे वीस. त्याची मुलगी रेणू पुढच्या वर्षीचे विषय भरत होती आणि प्रल्हाद तिच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावत होता. तिच्या शाळेत अमेरिकेचा इतिहास तीन पातळ्यांवर शिकवतात. साधा तो रेगुलर, जरा कठीण तो ऑनर्स, आणि कॉलेजच्या तोडीचा तो एपी. युद्धं तीच, सनावळ्या त्याच, फक्त शिकवायची रीत वेगळी. प्रल्हादच्या डोक्यात मात्र याचं भाषांतर लगेच झालं: एपी म्हणजे अ तुकडी, ऑनर्स म्हणजे ब आणि रेगुलर म्हणजे ड! मधली क कुठे गेली हे विचारू नका. आपल्याकडे मूल घसरलं की मधे थांबतच नाही, असा पालकांचा समज असतो.

आणि रेणूने टिचकी मारली होती रेगुलरवर.

"ड तुकडी?" प्रल्हाद ओरडला. "माझी मुलगी ड तुकडीत?"

"बाबा, कसली तुकडी? केमिस्ट्री एपी आहे, कॅल्क्युलस एपी आहे. हिस्टरी मला मिस्टर हॅल्वरसनची हवीय, आणि ते फक्त रेगुलर शिकवतात. वर्षभर एकच प्रश्न घेतात. आम्ही जुनी कागदपत्रं बघायला जाणार, म्हाताऱ्या लोकांशी बोलणार. टीचरनेही तेच रेकमेंड केलंय. आय लाइक हिस्टरी, बाबा. म्हणून तर!"

"आवडतं म्हणून खालच्या वर्गात? हे म्हणजे पोहायला आवडतं म्हणून बादलीत बसण्यासारखं झालं!"

सुवर्णा, म्हणजे प्रल्हादची बायको, लसूण सोलत होती. ती म्हणाली, "अरे, तिचा विषय आहे, तिला ठरवू दे."

पण प्रल्हादला तोवर पानाच्या तळाशी एक फॉर्म सापडला होता. ओव्हरराइड! शिक्षकांनी सुचवलेली पातळी पटली नाही तर पालकाने एक सही करायची, की शिक्षकांचं मत रद्द! इतकी सत्ता प्रल्हादला ऑफिसात आजवर मिळाली नव्हती. तो पेन शोधायला लागला.

रेणूचे डोळे भरून आले. "एपीच्या हिस्टरीत काय करतात हे तरी माहितीय का तुला?"

"मला विचारतेस? नागपुरात अ तुकडीत होतो मी! इतिहासात शंभरापैकी ब्याण्णव!"

हा आकडा जरा समजून घ्या. सुवर्णाशी लग्न ठरलं तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर होता. मग दर वर्षा-दोन वर्षांनी एखादा मार्क वाढत गेला. अशी प्रगती प्रत्यक्ष शाळेत झाली असती तर बोर्डाने सत्कार केला असता.

रेणूने नाक पुसलं आणि सरळ बापाच्या डोळ्यात पाहिलं. "गुरुवारी शाळेत पेरेंट्स नाइट आहे. पालकांना एपीचा सँपल प्रश्न देतात, चाळीस मिनिटं. पेपर बघून टीचर सांगतात, कुणाला कुठली लेव्हल झेपेल ते. तुला एपी मिळालं तर मी गुपचूप एपी घेईन. नाही मिळालं तर तू सही करायची नाही."

"डन!" प्रल्हादने हात पुढे केला. पोरीचं अख्खं वर्ष आता बापाच्या पेपरावर टांगलं होतं, आणि बाप मिशीतल्या मिशीत हसत होता.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण प्रल्हादच्या पोटात काही राहिलं तर ना! सोमवारी त्याने मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'गुरुवारी एपी हिस्टरीसाठी शाळेत जातोय, शुभेच्छा असू द्या.' मंगळवारी सकाळी मंडळातल्या पुरुषोत्तमचा फोन.

"अभिनंदन यार! एपी शिकवणार म्हणे तू? विमा कंपनी सोडली? आणि व्हिसाचं काय?"

आता शहाण्या माणसाने काय म्हणावं? 'नाही रे बाबा, गैरसमज झालाय.' प्रल्हाद काय म्हणाला? "अजून फायनल नाही!"

झालं! दुपारी मंडळातल्याच वल्लरीचा मेसेज आला, 'आमच्या परीक्षितला शनिवारी तुझ्याकडे पाठवू का? इतिहासात फार कच्चा आहे.' बुधवारपर्यंत तीन शिकवण्या ठरल्या आणि कुणीतरी त्याला 'सर' म्हणायलाही लागलं. सुवर्णा म्हणाली, "अजून वेळ आहे, खरं सांगून टाक सगळ्यांना." सरांनी ऐकलं नाही. सर अभ्यास करत होते.

अभ्यास म्हणजे काय, तर नेटवरून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या कारणांचं चार पानी उत्तर काढून, गॅरेजमध्ये गाडीभोवती फेऱ्या मारत पाठांतर. राजकीय कारणे, आर्थिक कारणे, सामाजिक कारणे, तात्कालिक कारण!

"आणि दुसराच प्रश्न आला तर?" सुवर्णाने दारातून विचारलं.

"हाच येणार! दरवर्षी येतो."

"कुठे दरवर्षी येतो? तू पहिल्यांदा बसतोयस."

"इतिहासात हाच येतो," प्रल्हाद म्हणाला आणि आर्थिक कारणांकडे वळला.

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या लायब्ररीत निम्मं मराठी मंडळ हजर होतं. सरांचा पहिला दिवस बघायला आले होते बिचारे! सर पालकांच्या रांगेत बसलेले पाहून पुरुषोत्तमने भुवया उंचावल्या, पण प्रल्हादने त्याला 'नंतर सांगतो' अशी खूण केली. सुवर्णालाही एक पेपर मिळाला. नावं लिहायची नव्हती, फक्त नंबर. सुवर्णाचा सतरा, प्रल्हादचा अठरा.

मिस लिंडग्रेन नावाच्या उंच, हसऱ्या शिक्षिकेने प्रश्न वाटला. त्यात तीन जुने कागद होते. पहिली, लोकांनी मिनेसोटात येऊन वसावं म्हणून एका रेल्वे कंपनीने केलेली जाहिरात, 'हवा आरोग्यदायी, हिवाळा सुखद'. दुसरं, इथे येऊन राहिलेल्या बाईचं बहिणीला पत्र. तिसरी, त्या सालच्या तापमानाची नोंद. आणि खाली प्रश्न: यातल्या कशावर तुम्ही किती विश्वास ठेवाल, आणि का?

प्रल्हादने कागद उलटा केला. मागे काही नव्हतं. स्वातंत्र्ययुद्ध कुठेच नव्हतं!

"आउट ऑफ सिलॅबस," तो पुटपुटला. त्याच्या शाळेत पुस्तक खरं बोलतं का, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. पुस्तकाने सांगायचं, आपण लिहायचं, सरांनी बरोबरची खूण करायची. तिघांचं कसं छान जमलेलं होतं. पण चार पानं पाठ झालेल्या माणसाला गप्प बसवत नाही हो! प्रल्हादने ड्रायव्हिंग लायसन्सच्या कडेने समास आखला, 'उत्तर क्रमांक एक' असं इंग्रजीत लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि राजकीय कारणांपासून सुरुवात केली.

वीस मिनिटांत त्याचा हात वर गेला. "एक्स्ट्रा शीट, प्लीज!"

मिस लिंडग्रेन चकित झाल्या. बाकी कुणाचं अर्धं पानही भरलं नव्हतं. त्यांनी पुरवणी दिली. मग दुसरी दिली, मग तिसरी. शेवटच्या मिनिटाला हात पुन्हा वर.

"थ्रेड?"

"सॉरी?"

"थ्रेड, मॅडम. टु टाय."

मॅडमनी स्टेपलर आणला. प्रल्हादने मान हलवली. स्टेपल केलेली पुरवणी निसटते, बोर्डाच्या परीक्षेत कोण धोका पत्करतो! अमेरिकन पालक कुतूहलाने बघत होते. मराठी पालकांना एका क्षणात सगळं समजलं होतं आणि ते एकजात खाली बघत होते. शेवटी प्रल्हादने जॅकेटच्या टोपीची नाडी खेचून बाहेर काढली, पेनाच्या टोकाने कागदांना भोकं पाडली आणि चारही पानं सुरगाठ मारून बांधली. शेजारी सुवर्णाने सहा ओळी लिहून केव्हाच पेन खाली ठेवलं होतं.

कॉफी आणि बिस्किटं झाली. मिस लिंडग्रेन हसत पुढे आल्या. "एक पेपर मला वाचूनच दाखवायचाय. नंबर सतरा!" आणि त्यांनी वाचलं.

"या जाहिरातीवर माझा विश्वास नाही. आपण येण्यात ज्याचा फायदा आहे, तो थंडीबद्दल खरं सांगत नाही. २००९ साली माझा नवरा फोनवर म्हणाला होता, 'हवा मस्त आहे, स्वेटर पुरेल.' मी जानेवारीत उतरले. पत्र लिहिणाऱ्या बाईवर माझा पूर्ण विश्वास आहे. तापमानाच्या नोंदीवरही आहे, कारण ती थंडी मी स्वतः भोगली आहे."

लायब्ररी हसून हसून लोळायची बाकी राहिली. "एपी! विदाउट अ डाउट!" मिस लिंडग्रेन म्हणाल्या. वल्लरीने सुवर्णाचा हात धरून वर केला. प्रल्हादही टाळ्या वाजवत होता. नवरा कोण हे ध्यानात यायला त्याला जरा वेळ लागला.

मग नाडी लोंबणारा गठ्ठा मिस लिंडग्रेननी दोन्ही हातांनी, जपून उचलला. "आणि हा नंबर अठरा... वेल, धिस वन इज डिफरंट."

मिनेसोटात कुणी 'डिफरंट' म्हणालं की समजावं, आपलं काही खरं नाही. इथल्या गोड माणसांकडे याहून वाईट शब्दच नाही.

"प्रल्हाद," मागून पुरुषोत्तमचा आवाज आला, "ती नाडी तुझ्या जॅकेटची का रे?"

पेपरावर सुवाच्य अक्षरात शेरा होता: 'स्मरणशक्ती सुंदर! न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण आहे. शिफारस: रेगुलर. मिस्टर हॅल्वरसन फार धीराने शिकवतात.' शनिवारच्या तिन्ही शिकवण्या पार्किंगमध्येच कॅन्सल झाल्या. वल्लरीने सुवर्णाला विचारलं, "तू घेशील का गं परीक्षितला?"

घरी आल्यावर प्रल्हादने छापून ठेवलेला ओव्हरराइडचा फॉर्म मुकाट्याने फाडला. शब्द म्हणजे शब्द! रेणूने त्याला घट्ट मिठी मारली. एवढ्यावर थांबला असता तर निभावलंही असतं. पण नाही!

"तरी मला रेगुलर म्हणजे अन्याय आहे," तो म्हणाला. "इथे रिचेकिंग नसतं का?"

"असतं ना," रेणू म्हणाली. "ओव्हरराइड! फक्त पालकाची सही लागते." आणि त्याला कळायच्या आत तिने नागपूरला आजोबांना फोन लावला. तिकडे सकाळ होती. सुभाष आजोबा चहा घेत होते. रेणूने स्पीकर लावून सगळी हकिगत सांगितली आणि विचारलं, "आजोबा, बाबाला वरच्या वर्गात घालायला तुम्ही सही कराल?"

आजोबांनी चहाचा एक घोट घेतला.

"राहू दे बेटा. मास्तरीणबाईंनी बरोबर ओळखलं त्याला. इथेबी तो ड मध्येच होता. वर घ्या म्हणून मी दोनदा हेडमास्तरांकडे जाऊन आलो. त्यांनीबी नाही ऐकलं."

"पण आजोबा, हिस्टरीत नाइन्टी-टू होते ना?"

"ब्याण्णव?" आजोबा विचारात पडले. "हो, होते की! इतिहास आणि भूगोल मिळून. दोनशेत."

सुवर्णा ओट्याकडे तोंड करून नसलेली भांडी पुसायला लागली. प्रल्हाद टोपीची नाडी सेफ्टी पिनने जॅकेटमध्ये परत ओवत होता. मान वर न करता तो म्हणाला,

"भूगोलात पंचावन्न होते मला."

आता कॅल्क्युलस एपीला असलेल्या मुलीला ही वजाबाकी करायला कितीसा वेळ लागणार!