लंडनची राणी आणि आमच्या मालनवन्सं

एके दिवशी नळावर घागर टेकवून मालनवन्सं म्हणाल्या, "बिचारीला टाकली हो. इतकी वर्षं नांदली, अन् मुलगा झाला नाही म्हणून टाकली."

दुष्काळाचं साल. नळाची धार करंगळीएवढी, त्यामुळं बायकांना बोलायला भरपूर सवड. सगळ्या जवळ सरकल्या. शेजारच्या चिंधामावशी तर पेटल्याच. "कुन्या गल्लीतली म्हनायची ही? आन् पंच काय झोपल्यात का?"

"लंडनची, मावशी. राणी होती. राजानं पंचच खिशात घातले."

"मंग माहेरी जायचं!"

"माहेर समुद्रापलीकडं."

चिंधामावशींनी पदर डोळ्याला लावला. चारशे वर्षांमागं मेलेल्या विलायतेच्या राणीसाठी आमच्या नगरच्या नळावर रडू आलं, ते असं.

मालनवन्सं माझी नणंद. दिली होती आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगरातल्या गावात. मूलबाळ नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि ह्या ट्रंक घेऊन आमच्याकडं आल्या. मॅट्रिक लग्नाआधीच झालेल्या. तिशी उलटल्यावर कॉलेजात गेल्या आणि विषय घेतले दोन: इंग्रजी साहित्य आणि इतिहास.

"एकच घे ना, नीट," आमचे हे म्हणाले.

"दादा, राणी कधी मेली ते इतिहासात कळतं. मरताना तिच्या मनात काय होतं, ते साहित्यात. एक घेऊन मी काय करू?"

पण दोन्हींचा तास यायचा एकाच वेळेला. मग वन्सं निम्मा तास वरच्या मजल्यावर नाटक ऐकायच्या आणि वाजू नयेत म्हणून चपला हातात घेऊन जिना उतरून खाली लढाईला हजर. राहिलेलं निम्मं मनानंच भरायच्या. भाकरी थापताना हात थांबले की मी ओळखायची, गेल्या विलायतेला! तव्यावरच्या भाकरीचा इकडं कोळसा.

"वन्सं, कुठं आहात?"

"धुकं पडलंय गं वहिनी. नदीवर दिवे लागलेत. थांब जरा, राजाची नाव येतेय."

काय सांगू, मीही थांबायची! माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण मलासुद्धा वल्ह्यांचा आवाज यायचा.

सहामाहीला त्यांनी इतिहासाच्या पेपरात लिहिलं, लढाईच्या आदल्या रात्री राजा तंबूत रडला. सरांनी विचारलं, "बाई, पुरावा काय?"

"सर, तो घोरत पडला होता, याला तरी काय पुरावा?"

सर पोट धरून हसले. मार्क मात्र दिले नाहीत. वन्सं इतिहासात नापास.

मला धडकीच भरली. कारण दरवर्षी पावसाळ्यात, भाताची रोपं लावायची आवणी आली, की त्यांचा नवरा हजर व्हायचा. एरवी वर्षभर खुशालीचा शब्द नाही. दारातूनच सांगायचा, "मालनला म्हनावं चल. मानसं कमी पडत्यात." वन्सं आत धान्याच्या कणगीमागं बसून राहायच्या. मी चहा द्यायची आणि खोटं सांगायची, "ताप आहे त्यांना." दरवर्षी आवणीलाच ताप!

शेवटी हे वैतागले. "बी.ए. झालीस तर मुलींच्या शाळेत चिकटवून देतो. नापास झालीस तर पुढच्या आवणीला मीच गाडीत बसवून देणार, मालन. लोकांची तोंडं किती धरू?"

त्यानंतर वन्सं बदलल्या. सनावळ्या घोकायला लागल्या. भाकरी एकही करपेना आणि घर कसं मुकं झालं. नळावर चिंधामावशींनी विचारलं, "का गं, त्या रानीचं म्होरं काय झालं?" वन्संनी नुसतं साल सांगितलं.

"साल घिऊन काय करू? चुलीत घालू?" मावशी फणकारल्या.

पण वन्सं पास झाल्या. ह्यांनी गल्लीभर पेढे वाटले. शाळेत जागाही मिळाली. पोरी म्हणे इतिहासाच्या तासाला रडायच्या, आणि घरी परत भाकरी करपायला लागल्या.

आवणी आली. त्या वर्षी पाऊसही बरा होता. मी दाराकडं बघत होते, पण कोणी आलं नाही. दुसरीचे भाऊ मदतीला येऊन राहिलेत, असं कानावर आलं. मी म्हटलं, चला, सुटलो.

एका संध्याकाळी शाळा सुटून बराच वेळ झाला तरी वन्संचा पत्ता नाही. मी छत्री घेऊन निघाले. एस.टी. स्टँडवर दिसल्या. अकोल्याची गाडी नुकती लागलेली, आणि वन्सं खांबापाशी उभ्या राहून उतरणाऱ्या एकेकाचं तोंड न्याहाळत होत्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसायचं हाय का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"वन्सं, अहो इथं काय करताय?"

"रोज येते मी," त्या म्हणाल्या. "एकदा समोर उभं राहून नाही म्हणायचं होतं गं, वहिनी. आता म्हणता येतं मला. अन् यंदाच आले नाहीत."

गाडी रिकामी झाली होती. मी त्यांच्या हातातली पुस्तकांची पिशवी घेतली.

"आणखी एक गाडी असेल ना?" मी म्हणाले.

"आहे."

आम्ही दोघी बाकावर बसलो.