खाणार हाईसा काय?

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मी चप्पल उगारून उभी होते. समोर भिंतीवर एक भलंमोठं झुरळ मिशा हलवत माझा अंदाज घेत होतं. मी नेम धरला, हात वर नेला, आणि पाठीमागून खणखणीत आवाज आला.

"खाणार हाईसा काय?"

मी दचकले. झुरळाने तेवढ्यात काढता पाय घेतला. वळून बघते तर पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढऱ्याच मिशा आणि हातात भाजीची पिशवी.

"कोण, मी? काय खाणार?"

"झुरळ."

"शी! झुरळ कोण खाईल?"

"मग मारतासा कशाला?"

एवढं विचारून ते गृहस्थ शांतपणे वर निघून गेले. हिंदूराव तात्यांची आणि माझी ही पहिली भेट. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या बिल्डिंगमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. हे गृहस्थ आमच्या समोरच्याच दारात राहतात हे संध्याकाळी कळलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. मी शाळेत मराठी शिकवते. दुसऱ्याला प्रश्न विचारून उभं करण्याची मला सवय आहे. स्वतः उभं राहण्याची नाही.

तुम्हाला वाटेल, तात्या माळकरी असतील. छे! शिवाजी पेठेत त्यांची मटणाची खानावळ होती. बुधवारी-रविवारी दाराबाहेर माणसं ताटकळत उभी राहायची. रस्सा त्यांच्या बायकोच्या, हौसाबाईंच्या हातचा आणि गल्ल्यावर तात्या. हौसाबाई गेल्या, खानावळ बंद झाली, आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना इथे फ्लॅट घेऊन दिला. आजही रविवारी तात्या स्वतः जाऊन मटण आणतात आणि खाटकाशी मनसोक्त भांडतात.

एकदा मी त्यांना धरलंच. "तात्या, बोकड चालतो आणि डास चालत नाही, हा कुठला न्याय?"

"बोकड मी खातो की. नळीसुदिक सोडत न्हाई. तुमी डास मारून काय करतासा? भिंतीला चिकटवतासा."

आमच्या हॉलच्या भिंतीवर अशी दोन-चार चित्रं होती, म्हणून मी विषय बदलला.

घरात शिरलेल्या प्रत्येक किड्याला तात्या 'पावणं' म्हणतात. पाहुण्यांना बाहेर काढायची त्यांची पद्धत ठरलेली. स्टीलचा पेला पालथा घालायचा, खालून लग्नपत्रिका सरकवायची आणि पाहुणा डब्यात भरायचा. या कामासाठी जाड पुठ्ठ्याच्या पत्रिका त्यांनी जपून ठेवल्यात. पातळ पत्रिका आली की तात्या म्हणतात, "ह्या लग्नात काय दम न्हाई."

मग संध्याकाळी डबा घेऊन रंकाळ्यावर जायचं आणि तिथल्या झुडपांत पाहुण्यांना सोडून यायचं. एकदा तिथे बाकावर बसलेलं खानावळीचं जुनं गिऱ्हाईक भेटलं. तात्यांच्या हातात तीन पुडाचा डबा बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. "तात्या, पांढरा हाय व्हय?" म्हणत त्याने तो हिसकावूनच घेतला. तात्या म्हणाले, "आरं, थांब की!" पण कोल्हापूरचा माणूस पांढऱ्या रश्शासमोर थांबतो होय? वरच्या पुडात झुरळं होती, मधल्यात कोळी. खालचा पूड उघडायची त्याला गरज पडली नाही. तो बाकावरून मागच्या मागे गवतात गेला. तात्यांना दुःख वेगळंच होतं. "पावण्यांस्नी नीट सोडायचं ऱ्हायलं, बाई. समदी पांगली."

डासांसाठी ते भर उन्हाळ्यात स्वेटर आणि माकडटोपी घालून, वर मच्छरदाणीत बसून टीव्ही बघतात. "डास चावंल म्हणून न्हाई," ते म्हणतात, "माझा हात उठंल म्हणून." पण माणूस आळशी नाही. पावसाळ्यात दर रविवारी बिल्डिंगभर फिरून कुंड्यांखालच्या बशा, जुने टायर, गच्चीवरचे डबे उपडे करायचं काम त्यांचं. "जल्मालाच घातला न्हाई तर मारायचा सवालच कुठं येतो?" डासांचं कुटुंबनियोजन म्हणून मी त्यांची चेष्टा करते, पण आमच्या बिल्डिंगमध्ये आजवर कुणाला डेंगी झाला नाही हेही मान्य करते.

त्यांच्या हॉलमध्ये हौसाबाईंचा मोठा फोटो आहे. डोईवर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि नजर अशी की काचेवर माशी बसायला धजणार नाही. त्यांच्याबद्दल तात्या मोठ्या अभिमानाने सांगतात, "आमची हौसा म्हंजे माश्यांचा यम. ओला टावेल गुंडाळून हाणायची, नेम चुकायचा न्हाई. आन् मुंग्यांवर तर दातच. खडूच्या रेघा मारायची, आधणाचं पाणी वतायची. ती हुती तवा मुंगीची टाप न्हवती सैपाकघरात पाय ठिवायची."

मी मनात म्हणाले, बायको गेली आणि सरकार बदललं. आयुष्यभर जे करू दिलं नाही ते म्हातारा आता हौसेने करतोय. माणसं वाचता येतात असा मास्तरणीला एक भ्रम असतो.

तर गोष्ट अशी झाली. यंदा बिल्डिंगमध्ये झुरळं फार झाली. आमचे सेक्रेटरी माने साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठलीही गोष्ट अडवायची म्हटलं की त्यांना हुरूप येतो. त्यांनी मीटिंग बोलावली आणि जाहीर केलं, येत्या रविवारी सगळ्या घरांत पेस्ट कंट्रोल.

"माझं घर सोडून," तात्या म्हणाले.

"तसं चालत नाही, तात्या. एक घर सोडलं तर सगळी फौज तिथं जाऊन बसणार आणि आठ दिवसांनी परत आमच्याकडं येणार."

"येऊ द्यात. समोरासमोर चप्पल घ्या. त्येला पळायला वाव ऱ्हातो. इख घालून मारायचं ही काय मर्दाची रीत हाय? आन् मारून खाणार हाईसा काय?"

सगळे हसले. मीही हसले. माने साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला, तात्यांच्या मुलाला पुण्याला लावला आणि स्पीकरवर टाकला. फ्लॅट मुलाच्या नावावर होता. मुलगा घाईत होता. "करून टाका की साहेब, त्यांचं काय ऐकता!" एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

तात्यांनी त्या फोनकडे एकदा पाहिलं आणि ते उठले.

"पोरगा म्हणला म्हंजे झालं. पर माझं घर शेवटाला घ्या. आन् फवारलेल्या घरात तुमास्नी दुपारभर बसाय येणार न्हाई. रविवारी समद्यांनी माझ्याकडं जेवायला यायचं."

रविवारी सकाळी पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला आला आणि एकेक घर करत वर चढू लागला. आम्ही आपापली घरं बंद करून तात्यांच्या हॉलमध्ये जमलो. खानावळ बंद झाल्यापासून तात्यांनी एवढा मोठा टोप गॅसवर चढवला नसेल. तांबडा, पांढरा, सुकं, आणि रस्सा वाढताना तोच तो गल्ल्यावरचा आवाज, "लाजू नगा, वरपा!" पाटबंधारेवाल्या माने साहेबांना पांढऱ्या रश्शाचा पाट काही आवरत नव्हता. "तात्या, तुम्हीही बसा," आम्ही सगळे म्हणत होतो. "तुमी घ्या वो, माझं हुतंय मागनं," हे त्यांचं एकच उत्तर. पण मधूनमधून त्यांची नजर दाराकडे जात होती. जिन्यातला औषधाचा वास मजल्या-मजल्याने वर येत होता.

मी रिकामी भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली मुंग्यांची रांग एका बशीपर्यंत गेली होती. बशीत चिमूटभर गूळ. सवयीने मी ओलं फडकं उचललं.

"बाई, त्या नकोत."

तात्या दारात उभे होते. आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. नेहमीचा प्रश्नही त्यांनी विचारला नाही. मी फडकं खाली ठेवलं.

"हौसा गेली तवा तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर रक्षाविसर्जनाला गेलतो," ते म्हणाले. "निवद ठिवला. पुरणपोळी, मटण, च्या, तिला आवडायचं ते समदं. कावळं झाडभर बसल्यालं, पर एक खाली उतरंना. पोरगा म्हणला, आई, मी दर म्हयन्याला घरी येतो. न्हाई. भण म्हणली, तुज्या पाटल्या सुनंलाच देतो. न्हाई. शेवटाला मी म्हणलं, हौसे, बिडी सोडतो."

"मग?"

"त्यो कावळाबी मला वळखून हुता." ते जरा हसले. "ऊन चढलं. पावणं घड्याळं बघाय लागली. मग गाईला घास घातला आन् समदी उठली. बाया जाता जाता कुजबुजल्या, तिची काय तरी इच्छा ऱ्हायली. त्ये मला लई लागलं, बाई. जल्मभर चुलीम्होरं उभी केली मी तिला. काय इच्छा ऱ्हायली आसंल, मला ठावंच न्हवतं."

त्यांनी गॅसवरच्या टोपाचं झाकण उगाचच उचललं आणि परत ठेवलं.

"माज्या खिशात गुळाचा खडा हुता. रस्सा ढवळताना ती गूळ तोंडात धरायची. मी एकटाच मागं ऱ्हायलो आन् त्यो पानावर ठिवला. बघतोय तर मुंग्या आल्या. कुठनं आल्या, ठावं न्हाई. रांग लावून आल्या आन् गुळाला लागल्या. हिनं जल्मभर त्यास्नी मारलं. आधण वतलं, खडू मारलं. आन् समद्यांनी तोंड फिरवलं त्या दिवशी ह्याच आल्या. मनात ठिवलं न्हाई त्यांनी."

मी वाकून बशीतल्या गुळाकडे पाहिलं.

"तवापासनं रोज सकाळी चिमूटभर गूळ ठिवतो. त्यो संपला की मग माझ्या घशाखाली घास उतरतोय. आता ह्या मेल्या तर खाणार कोण, बाई?"

तेवढ्यात बेल वाजली.

मी हॉलमध्ये आले. दारात तोंडाला फडकं बांधलेला फवारणीवाला उभा होता. "हे एकच घर राहिलंय न्हवं?"

माने साहेब हातातलं हाडूक खाली ठेवत उठू लागले. मी त्यांच्या आधी दार गाठलं.

"हे घर झालं."

"कधी झालं?" माने साहेबांनी विचारलं.

"झालं म्हणते ना!"

हा माझा वर्गातला आवाज. पण त्या आवाजाबरोबर माझे डोळेही भरून आले होते, ते काही वर्गात होत नाही. माने साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या तात्यांकडे पाहिलं. ते परत मांडी घालून बसले.

"झालं असंल," ते म्हणाले आणि रश्शाची वाटी तोंडाला लावली.

फवारणीवाला वळून जिना उतरू लागला, तसे तात्या झपाझप पुढे आले. आवाज परत गल्ल्यावरचा.

"ओ पावणं! न जेवता कुठं निघालासा? पंप भाईर ठिवा, हात साबणानं धुवा आन् आत या."

तो माणूस बिचकला. मग त्याने पंप दाराबाहेर आमच्या चपलांच्या शेजारी ठेवला, तोंडाचं फडकं सोडलं, हात धुतले आणि माने साहेबांच्या बाजूला बसला. तात्यांनी त्याला भरभरून वाढलं.

मग ते आत जाऊन ओट्याकडे बघून आले. बशी रिकामी झाली असावी. कारण बाहेर येऊन त्यांनी आपलं ताट वाढून घेतलं आणि आमच्या पंगतीत बसले.