ऑर्चर्ड हाउसची पूर्वखिडकी सर जाहली

समस्त विवेकी वाचकांचे सेवेसी विदित व्हावे की, सफोक प्रांती मार्लिंगफील्ड गावी ऑर्चर्ड हाउस नामे तांबड्या विटांची थोर इमारत, तिचे पूर्वखिडकीवरून जे रण माजले, त्याची हकीकत येणेप्रमाणे.

इमारत मूळ ट्यूडर अमदानीची. पुढे जॉर्ज राजांचे कारकिर्दीत कोणा धन्याने तिचे जुन्या अंगावर नवे सपाट तोंड चढविले, आणि मग व्हिक्टोरिया राणीसाहेबांचे राज्यात दुसऱ्याने कुशीस फुगीर सज्जा काढिला, आणि धुराडी तर ज्यास जशी सुचली तशी उभी केली. मध्यंतरी सरकारने खिडक्यांवर कर म्हणोन पट्टी बसविली, तेव्हा एका हिशेबी धन्याने न्याहारीचे दालनाची पूर्वखिडकी विटांनी चिणून टाकिली. पट्टी उठली, विटा उठल्या नाहीत.

हल्लीच्या धनीण हेस्टरबाई प्लमली वृद्ध जाहल्या, नेत्र मंदावले, सुईत दोरा जाईना. आणि मग लेकीने निर्वाणीचा निरोप धाडिला, "आई, त्या अंधारात एक दिवस आपटशील. इप्सविचला ये, माझ्या फ्लॅटमध्ये ऊन तरी आहे." बाईंनी निश्चय केला की, चिणलेली खिडकी उघडून ऊन इकडे आणावे, परंतु घर सोडणे नाही. यजमान ऑस्वल्डराव यांनी मसलतीत "बघू" इतकेच मत दिले, आणि वर्तमानपत्राचे तटाआड गेले.

परंतु अशा इमारतीचे विटेस हात लावावा तर जुन्या वास्तूंचे अंमलदार ड्यूसबरीसाहेब यांचा परवाना लागे. साहेबांनी बाहेरून पाहणी करून फर्माविले की, चिणलेली खिडकी हाही इतिहासच, सबब चिणलेलीच राहावी.

बाईंनी वाद घातला नाही. त्या मुलुखी वाद घालीत नाहीत, चहा पाजितात. साहेबांस त्याच दालनी बसविले, आणि दिवा लाविला नाही. साहेबांनी चाचपडत भांडे ओढिले, आणि साखर समजोन चहात मीठ घातले, आणि घोट घेतला, आणि मुद्रा ढळू दिली नाही.

"चहा बरा झालाय ना?"

"फारच छान, मिसेस प्लमली."

"मग आणखी घ्या की."

नाही म्हणणे कुळाचारात नव्हते. दुसरा कप आला. आता भांडे बदलावे तर पहिली तारीफ खोटी ठरते, म्हणोन साहेबांनी त्यातही जाणोन मीठच घातले. बाई तिसरा ओतू लागल्या, तेव्हा साहेबांचा धीर सुटला.

"इथं... जरासा अंधार आहे, नाही?"

त्या मुलुखी याचा अर्थ किल्ल्यावर पांढरे निशाण चढले.

"असेल बाई," हेस्टरबाई म्हणाल्या. "आम्हाला दिसत नाही."

मग नवे फर्मान सुटले की, विटा न फोडता एकेक सोडवून माळ्यावर जपाव्या, म्हणजे पुढील पिढीस खिडकी पुन्हा चिणण्याची इच्छा जाहल्यास इतिहासाची गैरसोय होऊ नये.

गवंडी आले, आणि चुना खरवडला, आणि अखेरची वीट निघाली, आणि पूर्वेचे ऊन थेट न्याहारीचे टेबलावर उतरले. बाईंनी सुईत दोरा ओविला. मग मान वर केली, आणि ऑस्वल्डरावांकडे पाहात राहिल्या.

"काय बघतेस एवढं?"

"न्याहारीला तू असा दिसतोस होय. इतकी वर्षं अंदाजानेच चाललं होतं."

"मग? जायचं इप्सविचला?"

"नको. वाईट नाहीस."

त्या मुलुखी यापरता शृंगार नाही. ऑस्वल्डरावांनी वर्तमानपत्र वर धरिले, परंतु ऊन बाजूने तोंडावर पडत असल्याकारणे कागदाआडचे हसू लपले नाही.

येणेप्रमाणे खिडकी सर जाहली, यजमान जागचे जागी बहाल जाहले, आणि लेकीस उत्तर रवाना केले की, ऊन येथे पोहोचले, आम्ही येत नाही. हे दफ्तरी रुजू असे.