कपाम्ब्वे कुटुंबाकडून सप्रेम भेट

बाना मुसोंडाच्या पुढच्या खोलीत देवाच्या कामासाठी आलेलं सामान इतकं साठलं होतं, की तिच्या नवऱ्याला स्वतःच्या खुर्चीपर्यंत अंग चोरत, तिरकं होऊन जावं लागे. खाणीच्या रेल्वेवर सारी हयात इंजिन चालवलेला माणूस तो. वळणं घ्यायची सवय त्याला नव्हती.

"बाना मुसोंडा," तो एक दिवस म्हणाला, "देवाला हे सगळं खरंच हवंय का, एकदा विचारून घे ना."

देवाला नव्हे, बाळंतपणाला येणाऱ्या बायकांना हवं होतं. लांबच्या खेड्यांतल्या बायका दिवस भरले की लुआन्शा गावच्या दवाखान्यामागच्या खोलीत येऊन राहत. त्या खोलीचे पत्रे वादळात उडाले होते. बायका व्हरांड्यात झोपत होत्या आणि पावसाळा तोंडावर आला होता. चर्चच्या महिला मंडळाने पत्र्यांसाठी पैसे उभे करायचं ठरवलं. फादर लोम्बे म्हणाले, "आता सगळा बाजार फोनवर आलाय. प्रत्येकाने घरातली एकेक वस्तू द्यावी, फोनवर विकून टाकू." कोण विकणार, असा प्रश्न आल्यावर सगळ्या बायकांनी जमिनीकडे पाहिलं. बाना मुसोंडा नेमकी छताच्या पंख्याकडे बघत होती. तिची निवड एकमताने झाली.

देवाला द्यायचं म्हटल्यावर लोकांनी हात आखडता घेतला नाही. घरात जे जे मोडलं होतं ते ते मोकळ्या मनाने दिलं. डाव्या पायाचे तीन बूट आले. नुसत्या काड्या उरलेली छत्री आली. एका बाईने आपला लग्नाचा झगा दिला, त्यावर पाहुण्यांच्या जेवणातला रस्सा अजून शाबूत होता. आणि मॅडम कपाम्ब्वेंनी फ्रीजर दिला.

मॅडम कपाम्ब्वे म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या हार्डवेअर दुकानाची मालकीण. त्यांचा फ्रीजर रविवारी भर प्रार्थनेत चार गड्यांनी थेट वेदीपर्यंत वाहून आणला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फादरनी त्यावर पवित्र पाणी शिंपडलं. घरी आणून लावल्यावर कळलं, की त्याला पाण्याची नाही, चमत्काराची गरज होती. तो मालगाडीसारखा धडधडे, थरथरे, आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त उकडे.

"अंडी ठेव आत," नवरा म्हणाला. "पिल्लं तरी निघतील."

बाना मुसोंडा सरळ बाई. तिने फोटो टाकून खाली लिहिलं, 'मोठा फ्रीजर. थंड करत नाही.' तासाभरात मॅडमचा फोन आला.

"थंड करत नाही? आमच्याकडे होता तेव्हा बर्फ व्हायचा, बर्फ!"

"मॅडम, मी रात्रभर लावून बघितला हो..."

"तुमच्याकडची वीजच हलकी असेल. आणि आमचं नाव कुठाय? चारचौघांत दिलेली वस्तू, आणि नावाचा पत्ता नाही?"

झालं. मजकूर बदलला. 'मोठा फ्रीजर. घेणाऱ्याने पाहून खात्री करून घ्यावी. कपाम्ब्वे कुटुंबाकडून देवाच्या कार्यास सप्रेम भेट.' मॅडमनी दोनदा सांगून नावाची अक्षरं मोठी करून घेतली.

मग गिऱ्हाइकं तुटून पडली. सगळे विचारत होते, घ्यायचं तेवढं कुणाच्या मनात नव्हतं. 'आहे का?' 'आहे.' 'अजून आहे का?' 'आहे हो.' पुढे सामसूम. एकाला तो सोल्वेझीला फुकट पोचवून हवा होता. एकाने बदल्यात दोन डुकराची पिल्लं देऊ केली, त्यातलं एक आजारी असल्याचंही प्रामाणिकपणे कळवलं. एकाने फ्रीजरचं सोडून तिचं लग्न झालंय का ते विचारलं. एक गृहस्थ दूरवरून सायकल मारत आला, फ्रीजरभोवती तीन चकरा मारल्या, मक्याच्या पिठाची न्शिमा आणि सुके मासे पोटभर जेवला आणि "बायकोला विचारून सांगतो" म्हणून गेला. फोनच्या डेटावर बाना मुसोंडाच्या पदरचे इतके पैसे गेले, की तेवढ्यात एखादा पत्रा आला असता.

शेवटी म्वेल्वा नावाचा मासेवाला रोख पैसे घेऊन दारात उभा राहिला. त्या दिवशी वीज नव्हती. ती तशी बहुतेक दिवशी नसेच.

"भाऊ, वीज आली की लावून बघा आणि मगच न्या," बाना मुसोंडा म्हणाली.

"मायो, वस्तू चर्चची, वर कपाम्ब्वेंचं नाव. आता आणखी काय बघायचं?"

तिने सांगायला तोंड उघडलं. मग व्हरांड्यात झोपणाऱ्या बायका आठवल्या आणि ते मिटलं. म्वेल्वा फ्रीजर टेम्पोत घालून गेला. ती रात्रभर कूस बदलत राहिली. देवाच्या कामात गप्प बसणं खोट्यात धरतात का, हे फादरना विचारायचा तिला धीर झाला नाही.

म्वेल्वा परत आला तेव्हा त्याच्याआधी वास आला. फ्रीजर मासळीसकट होता.

"मायो, मी मासे गोठवायला ठेवले होते, शिजवायला नाही!"

"चुकलंच हो माझं. तुमचे पैसे देते परत."

"आणि टेम्पोचे? आणि मासळीचे?"

फ्रीजरचे आणि टेम्पोचे दिले. त्यात झगा विकून आलेले गेले, बुटांचेही गेले. (बूट उजवा पाय नसलेल्या एका माणसाने आनंदाने नेले होते.) मासळीचे द्यायला काही उरलंच नाही.

"एक विचारू?" खुर्चीतून आवाज आला. "पैसे पत्र्यांसाठी जमवताय की मासेवाल्यासाठी?"

मासळीचे न मिळाल्याने म्वेल्वाचं समाधान झालं नव्हतं. त्याने नासलेल्या माशांनी भरलेल्या फ्रीजरचा फोटो काढला आणि 'सप्रेम भेट'च्या बरोब्बर खाली लावून लिहिलं, 'देवाला हे देतात, तर दुकानात गिऱ्हाइकाला काय देत असतील?'

संध्याकाळपर्यंत सगळं लुआन्शा तिथे जमलं. कुणी लिहिलं, 'म्हणूनच माझं छप्पर गळतं होय!' कुणाला त्यांच्या खिळ्यांना डोकी नसल्याचं आठवलं. एकाने त्यांच्याकडून घेतलेलं कुलूप चावीशिवाय उघडतं असं सांगून घराचा पत्ता सोडून बाकी सगळा तपशील दिला. विकायला ठेवलेल्या वस्तूंपैकी एकीचंही कधी इतकं कौतुक झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाम्ब्वे नवरा-बायको दारात हजर. मॅडमचा आवाज पुढे, साहेबांचा घाम मागे.

"काढा ते! आत्ताच्या आत्ता काढा!"

"काढते, मॅडम," बाना मुसोंडा कळवळून म्हणाली. "पण लोकांनी फोटो पुढे पाठवलेत. माझ्या बहिणीला चिंगोलात आलाय."

"काल दुकानात एक गिऱ्हाईक माझ्या तोंडावर नाक धरून उभं होतं," साहेब खचून म्हणाले. "आता करायचं काय?"

सामानाच्या ढिगाऱ्यामागून नवऱ्याचा संथ आवाज आला. "घाण झाकायला वर काहीतरी घालावं लागतं, साहेब. मोठं आणि रुंद. पत्र्यासारखं."

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि एकदा डोळे मिटले.

दुपारी दवाखान्यापुढे ट्रक आला. चांगले जाड, नवेकोरे पत्रे, लाकूड, खिळे, तेही डोक्यासकट. आठवड्यात छप्पर चढलं. पत्र्यांवर 'कपाम्ब्वे कुटुंबाकडून सप्रेम भेट' असं लाल रंगात लिहिलेलं होतं, आणि ती बाजू मॅडमनी हट्टाने आतून करून घेतली. वेणा देणाऱ्या बाईला उताणं पडल्या पडल्या दुसरं वाचायलाच काही नव्हतं. पण व्हरांडा रिकामा झाला. पहिल्या मोठ्या सरीत आत एक थेंब पडला नाही, आणि बाना मुसोंडा त्या रात्री गाढ झोपली.

रविवारी फादर लोम्बे भारावून म्हणाले, "बघा, फोनवरच्या विक्रीची ही ताकद!" विक्रीतून एक क्वाचाही उरला नव्हता, पण टाळ्या जोरात पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात सिमेंटचे ब्लॉक बनवणारे मिस्टर चोम्बा उठून उभे राहिले आणि त्यांनी आपली पिकअप गाडी देवाच्या कार्याला देऊन टाकली. "थोडं काम आहे तिचं," ते बसता बसता हळूच म्हणाले.

सोमवारी सकाळी बाना मुसोंडा त्यांच्या आवारात गेली. गाडी गवतात उभी होती. इंजिनाच्या जागी कोंबडी उबवायला बसली होती.

"फोटो काढायला आलेय," ती फोन पुसत गोड आवाजात म्हणाली. "कोंबडीचा जवळून घेते. आणि खाली तुमचं नाव, मोठ्या अक्षरांत."

"नाव कशाला, मायो?" चोम्बांच्या हातातला चहाचा कप थांबला. "दान कसं, गुप्त बरं."

"असं कसं? कपाम्ब्वेंचं घातलं आणि तुमचं नाही, लोक काय म्हणतील?"

चोम्बांनी फोनकडे पाहिलं. मग कोंबडीकडे पाहिलं. मग आवाराच्या कडेला रचलेल्या ब्लॉकच्या थप्प्यांकडे पाहिलं.

"त्या बाळंतिणींच्या खोलीला," त्यांनी घसा साफ करत विचारलं, "संडास आहे का हो?"

"नाही ना," बाना मुसोंडा म्हणाली.

चोम्बांनी स्वतः उठून खुर्ची आणली आणि बाहीने पुसून तिच्यापुढे ठेवली. ती ऐसपैस बसली. फोन मात्र हातातच ठेवला.

"आधी चहा सांगा," ती म्हणाली. "मग सावकाश बोलू."